हातात धरून खेळावयाच्या गेम यंत्रांची विक्री : मंदीची कारणमीमांसा

तांत्रिकदृष्ट्या सरस असलेले नवे यंत्र बाजारपेठेत का अडखळते, हा प्रश्न वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना विचारप्रवृत्त करणारा आहे. या संदर्भात दोन जपानी उदाहरणे उद्बोधक ठरतात.

निन्टेन्डो कंपनीचे 'थ्रीडीएस' हे यंत्र फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये २५,००० येन किमतीस विक्रीस आले. चष्म्याविना त्रिमितीय दृश्य हे त्याचे वैशिष्ट्य होते. तथापि आकर्षक खेळांच्या अभावी मागणी लवकरच ओसरली. ऑगस्टमध्ये किंमत १५,००० येन करण्यात आली. अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले. वर्षअखेरीस मारिओ मालिकेतील दोन नवे खेळ आले आणि विक्रीने उभारी घेतली.

सोनीच्या डिसेंबर २०११ मधील 'व्हिटा'ची क्षमता अधिक होती. परंतु केवळ याच यंत्रासाठीची महाग मेमरी कार्डे आणि स्मार्टफोनवरील स्वस्त वा विनामूल्य खेळ यांमुळे ग्राहक दुरावला. २०१३ मधील किंमतकपातीनंतरही चित्र पालटले नाही. २०१९ मध्ये उत्पादन थांबले.

निष्कर्ष : खेळ मोजके म्हणून ग्राहक थोडे आणि ग्राहक थोडे म्हणून खेळनिर्माते उदासीन, हे दुष्टचक्र केवळ किंमत उतरवून भेदता येत नाही. किंमतकपातीस दर्जेदार खेळांची वेळेवर जोड मिळाली, तरच ती फलद्रूप होते.