अधिग्रहणातून वाढणारी लघु ऊर्जासेवा कंपनी आणि भागधारकाचे हित

प्रस्तावना :
तेल व वायूच्या उत्खननात विहिरी खोदणे, दुरुस्त करणे, त्यांना लागलेल्या आगी विझविणे ही कामे कंत्राटाने करणाऱ्या कंपन्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यांना ऊर्जासेवा कंपन्या असे संबोधले जाते. यांपैकी अनेक लहान कंपन्या इतर व्यवसाय विकत घेऊन, म्हणजेच अधिग्रहणाद्वारे, वाढतात. अशी वाढ सामान्य भागधारकाच्या हिताची असते काय, याचे विवेचन अमेरिकेतील 'बूट्स अँड कूट्स' या कंपनीच्या आधारे प्रस्तुत लेखात केले आहे.

वाढीचे गणित :
एका काल्पनिक कंपनीचे १ कोटी समभाग असून तिचा नफा २ कोटी रुपये आहे असे मानू. प्रतिसमभाग नफा २ रुपये होतो. तिने ६० लाख नवे समभाग देऊन १ कोटी रुपये नफ्याचा व्यवसाय घेतला, तर एकूण नफा दीडपट होतो; परंतु प्रतिसमभाग नफा सुमारे १ रुपया ८८ पैशांवर उतरतो. त्याऐवजी १० टक्के व्याजाने ८ कोटींचे कर्ज काढल्यास, कर विचारात न घेता, तो २ रुपये २० पैसे होतो. मात्र मंदीत दोन्ही व्यवसायांचा नफा निम्मा झाल्यास व्याज वजा जाता केवळ ७० पैसे उरतात. अधिग्रहण केलेच नसते तर १ रुपया उरला असता. तात्पर्य, कंपनीचा आकार वाढणे आणि भागधारकाचा वाटा वाढणे या भिन्न गोष्टी आहेत.

पहिला टप्पा :
तेलविहिरींच्या आगी विझविणारे प्रसिद्ध तज्ज्ञ रेड अडेअर यांच्याकडून बाहेर पडून बूट्स हॅन्सन व कूट्स मॅथ्यूज यांनी १९७८ मध्ये हा व्यवसाय सुरू केला. १९९१ मध्ये कुवेतमधील आगी विझविण्यात त्यांचा सहभाग होता. तथापि आगी नियमितपणे लागत नाहीत. त्यामुळे उत्पन्न अनिश्चित राहते. १९९७ मध्ये हा व्यवसाय शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत समाविष्ट झाला. उत्पन्नाला स्थैर्य देण्यासाठी या कंपनीने १९९७-९८ या काळात तेलगळती रोखणारी साधने, यंत्रनिर्मिती व साहित्यपुरवठा अशा विविध क्षेत्रांतील व्यवसाय विकत घेतले. १९९८ मध्ये त्यासाठी मोठे कर्जही उभारले. त्याच वर्षाअखेरीस तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ११ डॉलरपर्यंत घसरला. उत्पादकांनी खोदकाम आवरते घेतल्याने सेवांची मागणी घटली, व्याज मात्र कायम राहिले. परिणामी विकत घेतलेली 'बेलर' ही यंत्रनिर्मिती कंपनी २००० मध्ये विकावी लागली. २००३ मध्ये जुन्या चार समभागांचा एक समभाग करण्यात आला.

दुसरा टप्पा :
२००६ मध्ये कंपनीने 'ऑइल स्टेट्स' या कंपनीकडून दाबाखालील विहिरींवर काम करणारा व्यवसाय घेतला. तो मूळ कौशल्याशी निगडित होता. मोबदल्याचा मोठा भाग समभागांत दिल्याने विक्रेत्या कंपनीकडे सुमारे ४५ टक्के मालकी आली. जुन्या भागधारकांचा हिस्सा त्यामुळे घटला. परंतु विक्रेताही जोखमीत सहभागी झाला. २०१० मध्ये 'हॅलिबर्टन'ने ही कंपनी प्रतिसमभाग ३ डॉलर, म्हणजे एकूण सुमारे २४ कोटी डॉलर, देऊन विकत घेतली. १९९८ पासून समभाग बाळगणाऱ्यास मात्र हे मूल्य जुन्या समभागामागे केवळ ७५ सेंट पडले.

निष्कर्ष :
१) गुंतवणूकदाराने एकूण उलाढालीऐवजी प्रतिसमभाग नफा व समभागांची वाढती संख्या तपासावी.
२) कर्जाचे व्याज तेजीतील नव्हे, तर मंदीतील नफ्यातून भागते काय, हे पाहावे.
३) घेतलेला व्यवसाय मूळ कौशल्याशी संबंधित आहे काय आणि विक्रेत्याने रोख रक्कम घेतली की समभाग, हे लक्षात घ्यावे.

कंपनी तगली म्हणजे तिचा प्रत्येक भागधारक तरला असे होत नाही. म्हणूनच अधिग्रहणाची घोषणा हा गुंतवणुकीच्या निर्णयाचा आधार नसून चौकशीचा प्रारंभ मानणे उचित ठरते.