आधी धावदोरा, मग कात्री

ज्या घरांत कापडाचा व्यापार चालतो, त्या घरांत तुकड्यांचे कोणाला फारसे अप्रूप नसते. ठाणाच्या शेवटी उरलेले अर्धे वार, रंग दाखवण्यासाठी कापलेले नमुन्याचे पट्टे, डाग पडला म्हणून बाजूला ठेवलेला कटपीस, असे काहीबाही गाठोड्यात साठत राहते आणि दिवाळीच्या आवराआवरीत ते गाठोडे कोणाला तरी देऊन टाकले जाते. अलीकडे मात्र याच तुकड्यांकडे घरातील लेकी-सुना निराळ्या नजरेने पाहू लागल्या आहेत. पॅचवर्क आणि क्विल्टिंग हे शब्द ओळखीचे झाले आहेत. शिकण्याची इच्छा आहे, कापड घरचेच आहे, दुपारचा वेळही काढता येतो. तरीही पुष्कळ जणींचा उत्साह महिन्याभरात मावळतो आणि अर्धवट जोडलेले चौकोन माळ्यावर जातात.

याचे कारण कौशल्याचा अभाव हे नव्हे. सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. आठ टोकांचा तारा किंवा त्रिकोणांची नक्षी चित्रात मोहक दिसते. परंतु तिच्यासाठी शेकडो तुकडे अचूक कापावे लागतात आणि ज्या हाताने अजून सरळ धावदोरा घातलेला नाही, त्या हातात आधी कात्री येते. आपल्याकडील जुन्या गोधडीचा क्रम नेमका उलटा आहे. तिथे टाका आधी येतो. कापणे शक्य तितके टाळले जाते. नवशिक्या भगिनींनी हाच क्रम धरावा.

गोधडीला महाराष्ट्रात नावेही अनेक. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. बाळासाठी असते ते दुपटे आणि चार पदरी असते ती चौघडी. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे. संस्कृतातील ‘कंथा’ या शब्दाचा अर्थही ठिगळे जोडलेले वस्त्र असाच आहे आणि बंगालची कांथा त्याच शब्दाची वारस आहे. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने जोडत आणि त्यासाठी लागणारा रंगीत दोरा जुन्या साडीच्या काठातूनच उसवून घेत. म्हणजे कापड जुने आणि दोराही जुना. खर्च काय तो हाताचा आणि डोळ्यांचा.

पहिले काम म्हणून बाळाचे दुपटे शिवावे. घरात बाळंतविडा करण्याचा प्रसंग वर्षा-दोन वर्षांत येतोच. नाही आला तर शेजारी येतो. ३६ इंच लांब व ३६ इंच रुंद एवढे माप पुरेसे आहे. तीन थर घ्यावेत : खाली अस्तर, मध्ये मऊ झालेले जुने धोतर किंवा पातळ, वर आवडीचे सुती कापड. तिन्ही थर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावेत. नवे कापड न धुता वापरले तर पहिल्या धुण्यात ते आटते, जुने आटत नाही आणि दुपट्यावर कायमच्या चुण्या पडतात. लाल, निळ्या व काळ्या कापडाचा रंग सुटतो का, हे पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून आधीच पाहावे.

थर जमिनीवर पसरून मधल्या भागापासून कडांकडे हात फिरवत सरळ करावेत आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून ठेवावेत. हे कच्चे टाके कंटाळवाणे वाटतात. पण ते चुकवले की वरचा थर सरकतो आणि शेवटी एका कोपऱ्यात कापडाचा फुगा उरतो. मग कडा आत दुमडून बाहेरच्या चौकटीपासून धावदोरा सुरू करावा. एक फेरी पूर्ण झाली की एक इंच आत दुसरी, मग तिसरी, असे आत आत जात मध्यावर पोहोचावे. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यावी, म्हणजे ती बाळाच्या अंगाला टोचत नाही. टिकल्या, मणी व बटणे दुपट्यावर लावू नयेत. त्या वयात सगळे तोंडात जाते.

टाके पहिल्या फेरीत लहानमोठे पडतील. पडू द्यावेत. उसवून पुन्हा घालण्याचा मोह आवरावा, कारण चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत हात आपोआप एका लयीत येतो आणि ही लय उसवण्याने येत नाही. दुपटे पूर्ण होते तेव्हा सुमारे ३३ मीटर धावदोरा घातलेला असतो. एवढ्या सरावानंतर पुढचे काम हातांना जड जात नाही.

दुसरे काम मोठे आहे, पण त्यातही कात्री लागत नाही. अनेक घरांत आजीची, आईची सुती लुगडी ट्रंकेत घडी करून ठेवलेली असतात. ती नेसणारे माणूस आता नाही. देऊन टाकणे जीवावर येते आणि कापायला हात धजत नाही. अशी लुगडी वर्षानुवर्षे पडून राहतात व शेवटी घडीवरच विरतात. त्यांच्यासाठी चौघडी हा फार शहाणपणाचा तोडगा आहे. नऊ वार म्हणजे २७ फूट, म्हणजेच ३२४ इंच. लुगड्याच्या लांबीची चार पदरी घडी घातली की ८१ इंचांचे, पावणेसात फुटांचे पांघरूण होते आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी मिळते. एका माणसाला अंगावर घ्यायला हे माप अगदी बेताचे बसते. एकही घाव न घालता लुगड्याचे पांघरूण! घडी घालताना पदर वरच्या बाजूला येईल असे पाहावे. काठ दोन्ही लांब कडांवर आपोआप येतो. त्यामुळे वेगळी पट्टी लावण्याची गरज उरत नाही.

लुगडे घेण्यापूर्वी ते उजेडासमोर धरून तपासावे. जेथे अंगाचा ताण सतत पडत असे, तेथे सूत विरळ झालेले दिसते. हा भाग घडीत आतल्या पदरांत जाईल अशी योजना करावी किंवा त्यावर आतून एक ठिगळ ठेवावे. विरलेल्या सुतावर टाके फार दाट घालू नयेत. सुई जितक्या वेळा जाईल तितके ते फाटते. रेशीम अनेक घरांत वर्ज्य असते, पण त्यावाचून येथे काही अडत नाही. सुती कापड दुमडले तसे राहते, सुई सहज जाऊ देते व घाम शोषते. सिंथेटिक कापड घसरते. ते नवशिकीच्या हातचे नाही.

आता कात्री. जोडकामाचा पहिला नमुना म्हणून नऊ चौकोनांच्या ठोकळ्याला पर्याय नाही. पाच चौकोन गडद, चार फिकट. चारही कोपरे व मध्य गडद. प्रत्येक चौकोन साडेतीन इंचांचा कापावा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत गेल्यावर तो तीन इंचांचा उरतो आणि तीन ओळींचा ठोकळा नऊ इंचांचा होतो. असे ३५ ठोकळे, आडवे पाच व उभे सात लावले की ४५ इंच रुंद, ६३ इंच लांब असा वरचा थर तयार होतो. १७५ चौकोन गडद व १४० फिकट लागतात. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत बारा चौकोन बसतात. म्हणून दीड मीटर गडद व सव्वा मीटर फिकट कापड पुरते. गाठोड्यातील तुकडे वापरायचे असतील तर रंग वीस असले तरी चालतील, मात्र गडद आणि फिकट यांचे दोन ढीग आधी वेगळे करावेत. डोळे बारीक करून पाहिले की कोणता तुकडा कोणत्या ढिगातला हे लगेच कळते. नमुना रंगामुळे दिसत नाही, तो या उजेड-सावलीमुळे दिसतो.

कापताना ताणा-बाण्याची दिशा सांभाळावी. तिरके कापलेले चौकोन शिवताना ताणले जातात. आणि शिवण खरोखरच पाव इंचाची हवी. सुतारकामात इंचाची आठ सुते धरतात, तोच हिशेब येथे लावून पाहावा. दोन्ही तुकड्यांतून अर्धे अर्धे सूत जास्त शिवणीत गेले, तर प्रत्येक जोडाला एक सूत कमी होते. एका आडव्या ओळीत १५ चौकोन व १४ जोड असतात. म्हणजे ती ओळ पावणेदोन इंचांनी आखूड होते. सगळ्याच ओळी सारख्या आखूड झाल्या तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. एक ओळ आखूड व दुसरी पुरी झाली की मात्र कोपरे जुळत नाहीत. शिवण झाल्यावर एका ओळीतील शिवणी डावीकडे व पुढच्या ओळीतील उजवीकडे इस्त्रीने दाबाव्यात, म्हणजे जोडावर जाडी साचत नाही आणि कोपरे एकमेकांत नेमके बसतात.

त्रिकोणांचा हट्टच असेल तर त्रिकोण कापू नयेत. गडद व फिकट असे चार इंचांचे दोन चौकोन एकमेकांवर ठेवून कर्णरेषा आखावी, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घालावी आणि मग रेषेवर कापावे. दोन दुरंगी चौकोन हाती येतात. ते साडेतीन इंचांना छाटून घ्यावेत.

माझ्या मते नऊ चौकोनांनंतर नक्षीच्या मागे न लागता पट्ट्यांकडे वळावे. मध्यभागी एक चौकोन आणि त्याच्याभोवती एकामागून एक पट्ट्या, ही रचना अमेरिकेत घरोघर शिवली गेली. तेथील अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या वळणावर, गीज बेंड नावाची छोटी वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या कुटुंबांचे वंशज तेथे राहतात. त्या वस्तीतील स्त्रियांनी जुन्या सदऱ्यांच्या, विटलेल्या विजारींच्या पट्ट्या जोडून पांघरुणे केली, ती थंडी वाजत होती म्हणून. रेषा वाकड्या, रंग मिळतील तसे. १९६६ मध्ये त्या भागात स्त्रियांची सहकारी संस्था सुरू झाली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात ती पांघरुणे भिंतीवर लागली आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची दहा तिकिटे काढली. पट्टी वाकडी गेली म्हणून काम टाकून देणाऱ्यांनी ती चित्रे जरूर पाहावीत.

इतके दूर जायचे नसेल तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, त्यांतील बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात. कवंदीत वरचा थर वेगळा जोडून ठेवत नाहीत. अस्तर पसरून एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकड्याची कड दुमडून तो जागेवर ठेवायचा, धावदोरा घालत पुढे जायचे आणि चारही कडांभोवती फिरत मध्यावर यायचे. जोडणे आणि टाके घालणे एकाच हाती. माप नाही, ठोकळा नाही. चारही कोपऱ्यांवर कापडाची लहान घडीदार ‘फुले’ बसवतात; त्यांच्यावाचून कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. हातात लय आलेल्या बाईला ही पद्धत नऊ चौकोनांपेक्षाही सोपी वाटेल.

एक गोष्ट व्यापारी घरांना विशेष सांगावीशी वाटते. गावोगावी गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया आजही आहेत आणि त्यांच्याशी दराची घासाघीस करताना आपण ‘कापड तर आमचेच’ असे सहज म्हणतो. पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडीत अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर धावदोरा सुमारे २५६ मीटर होतो. इंचाला चार टाके धरले तर चाळीस हजारांहून अधिक टाके. मिनिटाला वीस टाके न थांबता पडले असे मानले तरी ३३ तासांहून जास्त वेळ लागतो. त्यात कापणे, मांडणे, मान अवघडली म्हणून उठणे धरलेले नाही. दुपटे स्वतः शिवलेल्या बाईला हा आकडा सांगावा लागत नाही. इतरांनी तो रोजच्या मजुरीशी ताडून पाहावा आणि मगच भाव बोलावा. हाताचे काम आणि मशीनवर मारलेल्या चार टिपा यांचा दर एक असू शकत नाही.

तयार गोधडी धुताना गार पाणी व सौम्य साबण वापरावा, पिळू नये, दांडीवर दुहेरी टाकून पाणी निथळू द्यावे. उन्हात वाळवताना अस्तराची बाजू वर करावी, म्हणजे वरचे रंग उडत नाहीत. एका कोपऱ्यात आतल्या बाजूला, लुगडे कोणाचे होते ते आणि शिवल्याचे साल बारीक टाक्यांत लिहून ठेवावे. पंधरा-वीस वर्षांनी वरचा थर विरेल, तेव्हा तो काढून टाकू नये. त्यावरच नवे सुती पातळ पसरून पुन्हा कडेपासून धावदोरा सुरू करावा. जुन्या घरांतील जड गोधड्या उसवल्या तर आत अनेकदा आणखी एक गोधडी निघते, आणि तिच्या काठाचा रंग अजून ओळखता येतो.