भत्ता मंजूर, पण गाडी कुठे आहे?

ज्याचे पाय साथ देत नाहीत त्याला चाके द्यावीत, ही साधी गोष्ट ब्रिटनच्या सरकारने फार पूर्वी मान्य केली. आपल्याकडे अपंग माणूस स्कूटरला मागे दोन जादा चाके बसवून घेतो आणि आर.टी.ओ.चे खेटे घालतो. म्हणून तिकडची व्यवस्था आणि तिथे काय अडले, हे दोन्ही आमच्या वाचकांपुढे ठेवतो.

पूर्वी तिथे सरकार एक निळी, तीन चाकांची गाडी देई. तिच्यात बसायला जागा एकच! आई अपंग असली तर लेकराला शेजारी घेता येत नसे. १९७७ साली 'मोटेबिलिटी' योजना आली. या जुन्या गाड्या मात्र २००३ साली रस्त्यावरून हटल्या.

योजना अशी: ज्याला चालण्या-फिरण्याचा वरच्या दराचा भत्ता मिळतो, त्याने तो रोख न घेता योजनेकडे वळवायचा. २०२५-२६ साली हा भत्ता आठवड्याला ७७.०५ पौंड होता. त्यासाठी मिळकत पाहत नाहीत. बदल्यात तीन वर्षांसाठी नवी गाडी भाड्याने मिळते. विमा, दुरुस्ती, टायर, सगळे त्यातच. स्वतःला चालवता येत नसेल तर घरचे कुणी चालवते. पायाऐवजी हाताने ब्रेक दाबायची सोयही करून मिळते.

मग अडले कुठे? २०२१-२२ मध्ये जगभर गाड्यांना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला. कारखान्यांतून गाड्या कमी निघू लागल्या. माल कमी असला की व्यापारी सवलतीच्या गिऱ्हाइकाला मागे ठेवतो, हे बाजारात जाणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. योजना गाड्या घाऊक सवलतीत घेते. यादीतली मॉडेल्स घटली, वाट पाहणे महिनोन् महिने लांबले. मुदत संपलेल्यांना जुनीच गाडी पुढे वापरू द्यावी लागली.

यात भरडला जातो तो गरीब. भत्त्यातच भागणाऱ्या गाड्याही यादीत असतात. महाग गाडीला मात्र सुरुवातीला वरची रक्कम खिशातून भरावी लागते आणि ती परत मिळत नाही. तुटवड्यात स्वस्त गाड्या आधी गेल्या. छोट्या गाड्या बनवणेच कंपन्या कमी करत आहेत. फोर्डची 'फिएस्टा' २०२३ साली बंद झाली. ज्याच्याकडे साठवलेले पैसे नाहीत, त्याच्यापुढे निवड ती काय उरली?

चाकाच्या खुर्चीसह आत शिरता येईल अशी गाडी हवी असेल तर त्रास आणखी. साध्या गाडीची जमीन कापून खाली घ्यायची, उतरंड बसवायची, म्हणजे आधी मूळ गाडी मिळायला हवी, मग कारागिराची पाळी. ही गाडी पाच वर्षांसाठी देतात. आता विजेच्या गाड्या वाढत आहेत, पण त्यांची बॅटरी नेमकी जमिनीतच असते. ती कापणार कशी? आणि घराला अंगण नसेल तर खुर्चीत बसून फुटपाथवरून चार्जिंगची जाड वायर ओढायची कुणी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये बी.एम.डब्ल्यू., मर्सिडीज अशा गाड्या योजनेतून काढल्या. त्याआधी 'अपंगांना फुकट आलिशान गाड्या' अशी ओरड बरीच झाली होती. फुकट कसल्या? भत्ता सोडून, वर खिशातले भरून त्या घेतल्या जात. आणि त्या काढल्याने उतरंडीच्या गाडीसाठी थांबलेल्या माणसाला ती एक दिवसही लवकर मिळत नाही.