परदेशी विद्यापीठास अर्ज करतांना



परदेशांतील विद्यापीठांच्या प्रवेशाविषयीं बोलण्यास किन्हवलीच्या एका निवृत्त शिक्षकास कां बोलाविलें, असा प्रश्न आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. तो मलाही पडला होता. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. समुद्र मीं पाहिला तोही मुंबईच्या चौपाटीवरून. तथापि शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील मुलांना उभ्या आयुष्यांत बाराखडी शिकविली, आणि त्यांतलीं कांहीं मुलें आतां मोठीं होऊन सातासमुद्रांपलीकडील विद्यापीठांचे कागद घेऊन माझ्या ओटीवर येऊं लागलीं. ते कागद वाचतां वाचतां मी थोडेंबहुत शिकलों, आणि एक चूक करून त्याहून अधिक शिकलों. ती चूकही आज सांगणार आहें.

अर्ज म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. ज्या माणसानें आपणांस कधीं पाहिलें नाहीं, ज्याला आपलें गांव नकाशावरही सांपडावयाचें नाहीं, अशा माणसापुढें आपण कागदाच्या रूपानें उभे राहतों. तो तीनच गोष्टी विचारतो. आजवर काय शिकलांत? पुढें काय आणि कां शिकावयाचें आहे? आणि त्याचा खर्च कसा चालणार? अर्जाचीं पानें कितीही असोत, तीं या तीन प्रश्नांचीं उत्तरें असतात. हीं उत्तरें खरीं असावींत, आणि खरीं आहेत हें त्या परक्या माणसास पडताळून पाहतां यावें, एवढेंच अर्जाचें शास्त्र आहे.

याचें उत्तम उदाहरण शोधण्यास फार दूर जावयास नको. आमच्या मुरबाडहून खालीं उतरलें कीं कल्याण लागतें. तेथें जिचें बालपण गेलें आणि जिचें लग्नही झालें, त्या यमुनेस महाराष्ट्र डॉक्टर आनंदीबाई जोशी या नांवानें ओळखतो. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहाच दिवसांत गेलें, आणि आपल्याकडील स्त्रियांना वेळेवर वैद्यकीय मदत मिळत नाहीं, हें शल्य त्यांच्या मनांत कायमचें घर करून राहिलें.

त्यांच्यासाठीं पहिली विनंती केली ती गोपाळरावांनीं, आणि ती निष्फळ ठरली. पत्नीच्या शिक्षणास अमेरिकेंत साहाय्य मिळावें म्हणून त्यांनीं वाइल्डर नांवाच्या मिशनरी गृहस्थांस लिहिलें. उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता, आणि तें जोशी दांपत्यास मान्य नव्हतें. परंतु तो पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापला गेला. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनीं आपण होऊन पत्र पाठविलें, आणि त्यांतून पुढें मावशी-भाचीचें नातें जुळलें.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजांत आनंदीबाईंनीं जाहीर भाषण करून, आपण अमेरिकेस कां जातों, एकटीच कां जातों, जातींतून बहिष्कार पडल्यास काय करणार, या प्रश्नांचीं सरळ उत्तरें दिलीं, आणि हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन असें सांगितलें. एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनांत न्यूयॉर्कास पोहोंचल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाकडे त्यांनीं प्रवेशासाठीं पत्र लिहिलें.

वय वर्षें अठरा. प्रवेशास लागणाऱ्या सर्व अटी आपण पुऱ्या करीत नाहीं, ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. ती कबूल करून आपल्या परिस्थितीचा विचार व्हावा अशी विनंती केली. आपण येथवर आलों ती स्वजनांचा व जातीचा विरोध पत्करून आलों, तेव्हां निश्चयाची उणीव नाहीं, हें सांगितलें. आणि ज्या स्त्रिया मरण पत्करतील पण पुरुष वैद्याकडून उपचार करून घेणार नाहींत, त्यांच्यासाठीं हें शिक्षण हवें, हा हेतु स्पष्ट केला. तें पत्र आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत जपून ठेविलेलें आहे. त्यांत याचकाचें दैन्य नाहीं कीं स्वतःची फुशारकी नाहीं. उणें काय, अधिक काय आणि हेतु काय, हें एका अठरा वर्षांच्या मुलीनें परक्या भाषेंत मांडलें, आणि प्रवेश मिळविला.

त्या आधीं समुद्र ओलांडून गेल्या आणि मग अर्ज केला. आज हा क्रम उलटा आहे. आधीं अर्ज, मग प्रवेशपत्र, मग व्हिसा, आणि शेवटीं प्रवास. यामुळें सर्व तयारी घरीं बसून करावी लागते, आणि तिला वेळ लागतो. ज्या वर्षीं ऑगस्ट-सप्टेंबरांत वर्ग सुरू व्हावयाचे, त्याच्या निदान बारा ते पंधरा महिने आधीं कामास लागावें. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठांची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारींतच संपते. इंग्लंडांत पदवीपूर्व शिक्षणासाठीं यूकास नांवाच्या एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत पांचपर्यंत अभ्यासक्रमांस अर्ज करतां येतो. देश, विद्यापीठ व विषय यांप्रमाणें नियम बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानें काय केलें यावर न विसंबतां विद्यापीठानें स्वतः प्रसिद्ध केलेले नियम वाचावेत. प्रथम विषय ठरवावा, मग तो कोठें चांगला शिकवितात तें पाहावें. आधीं देश ठरवून मग त्यांत बसेल तो विषय शोधणें म्हणजे आधीं टोपी घेऊन मग डोकें शोधण्यासारखें आहे.

आतां कागदपत्रें. पासपोर्ट, दहावी-बारावीचीं गुणपत्रकें, पदवीच्या प्रत्येक सत्राचे गुण दाखविणारी विद्यापीठाची अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि शिफारसपत्रें हीं बहुधा सर्वत्र लागतात. इंग्रजीसाठीं आयेल्ट्स व टोफेल या परीक्षा प्रसिद्ध आहेत. त्यांचे गुण दोन वर्षें ग्राह्य धरले जातात, म्हणून त्या फार लौकर देऊन ठेवूं नयेत. या सर्व कागदांवर नांव, आडनांव, वडिलांचें नांव आणि जन्मतारीख अक्षरशः एकच असली पाहिजे. हें वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारीत आहें, कारण माझी चूक येथेंच आहे.

आमच्या भागांत जून महिन्यांत मूल शाळेंत दाखल व्हावयास आलें, आणि बापास जन्मतारीख सांगतां आली नाहीं, कीं आम्ही मास्तर लोक रजिस्टरांत एक जून लिहून मोकळे होत असूं. महाराष्ट्रांत इतक्या माणसांची जन्मतारीख एक जून कां, याचें कारण ग्रहनक्षत्रांत नसून आमच्या लेखणींत आहे. डोंगराकडच्या एका पाड्यावरील मुलीचें नांव मीं असेंच घातलें. ग्रामपंचायतींत तिच्या जन्माची नोंद होती, तारीख पावसाळ्यांतली होती. ती पाहून येण्यास मला अर्धा दिवस लागला असता. तो मीं दिला नाहीं. मुलगी हुशार निघाली, पदवीधर झाली. परदेशी विद्यापीठाचें प्रवेशपत्रही आलें. आणि तेव्हां उघडकीस आलें कीं पासपोर्टावर जन्मदाखल्याप्रमाणें एक तारीख आहे, व दहावीच्या प्रमाणपत्रावर माझ्या रजिस्टराप्रमाणें दुसरी. प्रतिज्ञापत्रें झालीं, खेटे झाले, आणि तेवढ्यांत वर्ग सुरू होण्याचा दिवस निघून गेला. विद्यापीठानें तिची जागा पुढील वर्षापर्यंत राखून ठेविली म्हणून बरें. परंतु एका तरुण मुलीचें एक वर्ष माझ्या एका ओळीनें खाल्लें. म्हणून आईबापांस माझी विनंती आहे कीं, मूल आठवी-नववींत असतांनाच शाळेच्या रजिस्टरांतील नोंद जन्मदाखल्याशीं ताडून पाहावी. शाळेंत आहे तोंवर दुरुस्ती सोपी असते. शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते.

याच मुलीनें अर्जासोबतचा निबंध मला दाखविला होता. या निबंधास स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात, आणि मला विचाराल तर अर्जाचा प्राण तोच. तिच्या निबंधांत लहानपणापासूनची जिज्ञासा होती, जग बदलण्याची आकांक्षा होती, थोरामोठ्यांचीं वचनें होतीं. मीं विचारलें, "बाळ, यांत तूं कोठें आहेस?" ती म्हणाली, "गुरुजी, असेंच लिहावें लागतें असें सगळे सांगतात." मग मीं कागद बाजूस ठेविला आणि तिला तोंडानें सांगावयास लाविलें. तिला भूजलाचा, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा, अभ्यास करावयाचा होता. आमच्या शहापूर तालुक्यांत तानसा, भातसा यांसारखे मोठे जलाशय आहेत. आपण मुंबईकर मंडळी नळ उघडतां तेव्हां तेंच पाणी येतें. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. तिची आई हंडा घेऊन किती चालत असे, विहीर कोणत्या महिन्यांत आटे, आणि कॉलेजांत असतांना तिनें आपल्या पाड्यावरच्या विहिरींची पातळी वर्षभर कशी मोजून ठेविली, हें ती सांगत गेली. मीं म्हटलें, "हेंच लिही. विहिरींचे आंकडेही लिही. आणि दुसऱ्या वर्षीं गणितांत गुण कां कमी पडले, तेंही एका वाक्यांत लिही." तिनें लिहिलें. जागा मिळाली ती त्या निबंधामुळें, असें ती म्हणते. हल्लीं दुसऱ्याकडून, किंबहुना यंत्राकडूनही, असे निबंध लिहवून घेतां येतात. त्यांत भाषा सफाईदार असेल, पण विहीर नसेल. आणि हा लबाडीचा प्रकार उघड झाल्यास प्रवेश रद्द होऊं शकतो, तें निराळेंच.

शिफारसपत्राविषयींही हेंच. मोठ्या हुद्द्याच्या माणसानें दोन ओळी लिहिण्यापेक्षां, ज्यानें प्रत्यक्ष शिकविलें त्या अध्यापकानें विद्यार्थ्याचें नेमकें काम सांगितलें तर त्याचें वजन अधिक. बहुतेक ठिकाणीं अध्यापकानें तें पत्र परस्पर विद्यापीठाकडे पाठवावयाचें असतें. म्हणून त्यांस निदान महिनाभर आधीं विनंती करावी.

तिसरा प्रश्न पैशाचा. फी, राहण्याजेवण्याचा खर्च, प्रवास व विमा मिळून पुरेशी तरतूद आहे, हें पुराव्यानें दाखवावें लागतें. इंग्लंडच्या व्हिसासाठीं ठराविक रक्कम खात्यांत सलग २८ दिवस असावी लागते. जर्मनींत सरकारी विद्यापीठांतून फी बहुधा नसते, परंतु वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बंदिस्त खात्यांत आधीं भरून ठेवणें हा तेथील नेहमींचा मार्ग आहे. अमेरिकेंत तरतूद पाहिल्यावरच विद्यापीठ आय-ट्वेंटी नांवाचा कागद देतें आणि त्यावर व्हिसाची मुलाखत होते.

शिष्यवृत्ती मिळाली तरी तिच्या अटी बारकाईनें वाचाव्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि मोबदल्यांत दहा वर्षें संस्थानची नोकरी, असा करार होता. पुढें लंडनचा अभ्यास चालूं असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं तो अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. त्यांनीं शिक्षणसंस्थेकडून पुन्हां येण्याची परवानगी मिळवून ठेविली, मुंबईंत नोकरी करून पैसा सांठविला, मित्राचें व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य घेतलें, १९२० सालीं ते परत लंडनास गेले आणि १९२३ सालीं डी.एस्सी. झाले. एवढा बुद्धिमान मनुष्यही पैशाच्या मुदतीनें अडला, हें ध्यानीं ठेवून शेवटच्या महिन्यापर्यंतचा हिशेब आधींच मांडावा. आज त्या शाहू महाराजांच्या नांवानेंच अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठींही शासनाची स्वतंत्र योजना आहे, आणि आदिवासी विकास विभागाचें एक प्रकल्प कार्यालय आमच्या शहापुरासच आहे. १८९२ सालीं स्थापन झालेला जे. एन. टाटा निधि गुणी विद्यार्थ्यांस कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आला आहे. अटी व तारखा दरवर्षीं नव्यानें पाहाव्यात.

शेवटीं दलालांविषयीं दोन शब्द. सल्ला देणारे सगळेच वाईट नसतात. परंतु कित्येकांस विद्यार्थी पाठविल्याबद्दल विद्यापीठांकडून दलाली मिळते, तेव्हां त्यांच्या सल्ल्याचें माप त्या हिशेबानेंच करावें. कोऱ्या कागदावर सही देऊं नये, खोटें प्रमाणपत्र जोडूं देऊं नये, आणि अर्जाच्या खात्याचा परवलीचा शब्द स्वतःपाशींच ठेवावा.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजीं एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयानें त्यांना गांठलें आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. म्हणून दूरदेशीं जाणाऱ्या मुलामुलींस गरम कपडे, पुरेसें अन्न आणि आजाराचा विमा यांची व्यवस्था करून द्या. अर्ज मंजूर झाला म्हणजे काळजी संपली असें समजूं नका.

माझी विद्यार्थिनी गेल्या वर्षीं गेली. निघण्यापूर्वीं ओटीवर येऊन तिनें वांकून नमस्कार केला. गेलेल्या वर्षाविषयीं ती एक अक्षर बोलली नाहीं. त्या दिवशीं मला माझ्या स्वच्छ, वळणदार हस्ताक्षराची प्रथमच लाज वाटली. आपल्या घरांत अर्ज करणारें कोणी असेल, तर आज रात्रीं जेवणें झाल्यावर शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला कपाटांतून काढा, आणि दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवून एकदां वाचा.