ईवुडची खोती
(लेखांक ९ वा)

पोलादपूर तालुक्यातील एका वाचकांची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. दर बॅचला त्यांच्याकडे एक दिवसाची जी पिल्ले येतात ती व्हेंकीजची असतात. त्यांनी पत्रातून विचारले आहे, की ज्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लंडातील फुटबॉल क्लबाचे पुराण आपण गेले दोन महिने सांगत आहात, तो क्लब आमच्या पिल्लांच्या कंपनीचा आहे असे माझा मुलगा म्हणतो; ते खरे असेल तर त्या कंपनीचे नाव अद्याप एकदाही कसे आले नाही?

चिरंजीव म्हणतात ते खरे आहे. नाव आले नाही याचे कारण इतकेच, की आपली कथा क्रमाने चालली असून ती अजून १८८० सालातच आहे. फर्गस सूटर हा ग्लासगोकडचा पाथरवट डार्वेनचा संघ सोडून नुकता ब्लॅकबर्नला आला आहे, आणि १८८४, १८८५ व १८८६ अशी सलग तीन वर्षे एफ. ए. चषक जिंकण्याचा पराक्रम या आठवड्यात सांगावयाचा होता. परंतु पोलादपुराहून निघालेला प्रश्न थेट पुण्याला जाऊन पोचत असेल, तर सूटरसाहेबांनी आठ दिवस थांबावे हेच युक्त. शिवाय हा विषय माझ्या मनात पुष्कळ दिवस घर करून बसलेला आहे.

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे आजच्या व्हेंकीजचे मूळ, स्थापन केली आणि पुढे या उद्योगसमूहाचे मुख्य ठाणे पुण्यात सिंहगड रस्त्यावर आले. त्यांचे मोठे कार्य केवळ पक्ष्यांच्या पैदाशीचे नव्हते. अंड्याचा भाव दलालाने न ठरवता उत्पादकांनी एकत्र येऊन जाहीर करावा, या विचाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तिचे ते प्रणेते. १९९० साली ते पद्मश्री झाले आणि १९९६ साली निवर्तले. त्यांच्या मागे कन्या अनुराधा देसाई व पुत्र वेंकटेश आणि बालाजी यांनी कारभार हाती घेतला, आणि १९ नोव्हेंबर २०१० रोजी या कुटुंबाने ब्लॅकबर्न रोव्हर्सचे खरेदीखत पुरे केले. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड, आणि क्लबाच्या शिरावरील सुमारे २ कोटी पौंडांचे कर्ज निराळे. प्रीमियर लीगमधील क्लबाची मालकी भारतीयांकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

या खरेदीत इतिहासाने आपला हिशेब चुकता केला असे ज्यांना वाटले, त्यांना सर्वस्वी वेडे म्हणता येणार नाही. ब्लॅकबर्न हे मागांचे गाव. लँकेशरच्या त्या भागात जे साधे सुती कापड विणले जाई त्याचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते, आणि आपल्या पणजोबांच्या अंगावरची पुष्कळ धोतरे ब्लॅकबर्नच्या मागांवरून उतरलेली होती. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी माल आणि शेवटी परदेशी कापडावरील बहिष्कार यांच्या माऱ्याने ते माग एकेक करून थंडावले. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये मुद्दाम लँकेशरात गेले आणि डार्वेनला राहिले. म्हणजे आपला सूटर ब्लॅकबर्नला येण्यापूर्वी जेथे खेळत असे त्याच डार्वेनला. ज्यांच्या पोटावर बहिष्काराने पाय आला होता त्या गिरणी-कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. त्या भेटीला ऐंशी वर्षे पुरी होण्याच्या आतच त्या गावाच्या सर्वांत जिवाभावाच्या वस्तूचा ताबा पुणेकरांकडे आला. परंतु त्यानंतर जे घडले ते या जुन्या हिशेबाच्या चौकटीत बसत नाही.

खरेदी होऊन महिना लोटण्यापूर्वीच, १३ डिसेंबरला, संघ तेराव्या स्थानावर सुखरूप असताना, अनुभवी व्यवस्थापक सॅम अॅलर्डाइस यांना निरोप देण्यात आला आणि त्यांच्या जागी, पूर्वी कोठेही मुख्य व्यवस्थापकपद न सांभाळलेले स्टीव्ह कीन आले. रोनाल्डिन्योला आणण्याच्या वार्ता उठल्या आणि विरल्या. खेळाडू सामन्यापूर्वी ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडीच्या तंगड्या खात आहेत अशी जाहिरात निघाली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ तक्त्याच्या तळाकडे असताना पुण्यास येऊन बालेवाडीला पुणे एफ. सी.शी मैत्रीचा सामना खेळून गेला; आपल्याकडच्या शौकिनांना तो उत्सव वाटला, तर ईवुड पार्क या क्लबाच्या घरच्या मैदानावरील शौकिनांना ती चेष्टा वाटली. कीन यांच्याविरुद्ध घोषणा आठवड्यागणिक वाढत गेल्या. अखेर ७ मे २०१२ रोजी, भर पावसात, विगनविरुद्धचा सामना सुरू झाल्यावर प्रेक्षकांतून कोणी क्लबाच्या निळ्या-पांढऱ्या रंगांचे वस्त्र पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडून दिली, आणि तिला धरून नेईपर्यंत तिने जो संचार केला तो साऱ्या जगाने पाहिला. सामना संपण्यास काही मिनिटे उरली असता विगनचा अल्काराझ याने गोल केला, रोव्हर्स ०-१ ने हरले आणि अकरा वर्षांनंतर वरच्या श्रेणीतून खाली आले.

पुढील हंगामात कीन गेले, त्यानंतरचे हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले आणि त्यानंतरचे मायकेल अॅपलटन ६७ दिवस. त्या कोंबडीच्या दिवसाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, ७ मे २०१७ रोजी, शेवटचा सामना ३-१ असा जिंकूनही केवळ गोलांच्या फरकाने हा संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवलेला क्लब इतका खाली उतरण्याचा तो पहिलाच प्रसंग. टोनी मोब्रे यांनी वर्षाच्या आत त्याला दुसऱ्या श्रेणीत परत आणले. तेव्हापासून वस्ती तेथेच आहे.

आता, या सर्व प्रकरणात समर्थकांची तक्रार नेमकी काय होती हे आपल्या महाड-पोलादपूरच्या वाचकाला जितके लवकर उमजेल तितके पुण्याच्याही वाचकाला उमजणार नाही, कारण आपल्या आजोबा-पणजोबांनी खोती पाहिली आहे. कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत होता. सरकारी दप्तरात हक्क त्याचा, आणि बांधबंदिस्ती, नांगरणी, लावणी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा घाम कुळाचा. पुष्कळ खोत गावात राहत, कुळांच्या लग्नाकार्यांना हजर असत, अडीअडचणीला उभे राहत. पुष्कळ मुंबई-पुण्यास स्थायिक होऊन कारकुनाकडून वसुली करीत. कुळाचा संताप या दुसऱ्या प्रकारच्या खोतावर अधिक असे, कारण पहिल्याकडे निदान गाऱ्हाणे तरी घालता येई. ब्लॅकबर्नचा समर्थक हा या अर्थाने क्लबाचे कूळ आहे. त्याचा बाप आणि आजा त्याच स्टँडात उभे राहिले. क्लब विकला जातो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही, आणि क्लब बुडतो तेव्हा दुसऱ्या क्लबाकडे जाण्याची त्याला सोय नसते. सव्वाशे मैलांवरच्या मोठ्या शहरातील यशस्वी संघाचा झेंडा खांद्यावर घेणारा मनुष्य निराळा. हा मनुष्य जेथे जन्मला तेथलाच.

पैशाच्या अंगाने पुण्याच्या मालकांवर कृपणतेचा आरोप करता येणार नाही, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. हा क्लब बहुतेक वर्षी तोट्यात चालतो आणि तो तोटा दीड दशक मालकांनी भरून काढला आहे. मूळ खरेदीच्या कितीतरी पट रक्कम इकडून तिकडे गेली आहे. मग गाऱ्हाणे कशाचे? गाऱ्हाणे याचे, की मालक वर्षानुवर्षे ईवुडवर दिसले नाहीत, निर्णयांची कारणे कोणी समोर बसून सांगितली नाहीत, आणि पत्रांना उत्तर यावे तर ते मुखत्यारांमार्फत.

येथे कोणी जॅक वॉकरचे उदाहरण पुढे करील, आणि ते विचारार्ह आहे. वॉकर ब्लॅकबर्नचाच, भावाबरोबर पत्र्याचा धंदा वाढवून त्याने तो ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांस विकला, १९९१ मध्ये क्लब ताब्यात घेतला, व्यवस्थापक केनी डाल्ग्लिश आणि खेळाडू अॅलन शिअरर यांना आणले, स्टँड नवे बांधले आणि १९९५ साली विजेतेपद मिळवून दिले. हा वॉकरही करांच्या कारणाने जर्सी बेटावर राहत असे, म्हणजे तोही परगावचा खोत! तरी २००० साली तो वारला तेव्हा गाव हळहळले आणि आज ईवुडला त्याचा पुतळा आहे. याचा अर्थ असा, की पत्ता कोठला हा प्रश्न गौण आहे. वॉकर सामन्याला येई, हरल्यावर त्याचा चेहरा उतरलेला लोक पाहत, आणि हा आपल्यातलाच एक समर्थक असून याच्या खिशात अधिक पैसे आहेत एवढेच, अशी गावाची समजूत होती. मला या प्रकरणातील सर्वांत खेदजनक गोष्ट ही वाटते, की अंड्याचा भाव ठरवताना उत्पादकाला बोलता आले पाहिजे, या तत्त्वावर ज्या घराण्याने नाव कमावले, त्याच घराण्याच्या क्लबात हजारो लोकांना आपले म्हणणे कोंबडीच्या मुखाने सांगावे लागले.

खोतीचा निकाल कायद्याने लागला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती-निर्मूलनाचे विधेयक मांडले, आणि प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. विलायतेतील पार्लमेंटानेही जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा संमत करून वरच्या पाच श्रेणींतील क्लबांवर एक स्वतंत्र नियामक नेमला आहे. यापुढे क्लबाला परवाना लागेल. मालकाची पात्रता तपासली जाईल. मैदान विकण्यास नियामकाची मान्यता लागेल. चिन्ह किंवा घरच्या पोशाखाचे रंग बदलावयाचे तर बहुसंख्य समर्थकांचा पाठिंबा हवा. आणि समर्थकांच्या प्रतिनिधींशी नियमित विचारविनिमय करणे ही परवान्याची अट राहील. कुळाची वहिवाट प्रथमच दप्तरी दाखल झाली, हे मान्य करून मी या कायद्याचे स्वागत करतो. परंतु ब्लॅकबर्नच्या निळ्या-पांढऱ्या रंगांना पुण्याच्या मालकांनी कधीच हात लावला नव्हता. नुकसान झाले ते व्यवस्थापकांच्या नेमणुकांत आणि अबोल्यात. त्या बाबतीत नवा कायदा फार तर समर्थकांचा सल्ला घ्यावयास सांगतो, तो मानण्यास सांगत नाही. म्हणून, माझ्या मते, २०१० साली हा कायदा अस्तित्वात असता तरी अॅलर्डाइस गेलेच असते, कीन आलेच असते, आणि रोव्हर्स खाली उतरलेच असते.