साडी कुठली? आधी प्रसंग बघा!

‘साडी शोभली नाही गं,’ असं आपण म्हणतो तेव्हा साडी बहुतेक वेळा चांगलीच असते, प्रसंग चुकलेला असतो. माझा साधा हिशेब सांगते.

🔸 लग्न, मुंज : पैठणी. घेताना पदर उलटा करून बघा. हातानं विणलेली नक्षी मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर काम हातचं नाही.

🔸 मंगळागौर : झिम्मा-फुगडी खेळायची, तर सुती नऊवारी. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात.

🔸 ऑफिसातला खास दिवस : इरकल. अंग सुती, पदर रेशमी. दोन्हीचे ताणे विणतानाच एकमेकांत अडकवतात. म्हणजे दिवसभर सुटसुटीत आणि तरी रुबाबदार. पदर मात्र पिनअप करा.

🔸 संक्रांत : काळी चंद्रकळा. थंडीत काळा रंग उन्हाची ऊबही धरतो.

🔸 दुःखाच्या घरी : फिकट, साधी सुती. दागिने शक्य तितके कमी.

आता आत्मविश्वासाचं. नवी साडी आणि नवा ब्लाउज आदल्या दिवशी घालून घरात अर्धा तास वावरा. मांडी घाला, जिना चढा-उतरा, वरच्या फळीवरचा डबा काढा. कुठे ओढतंय, कुठे टोचतंय, निऱ्या पायात येतात का, सगळं कळतं.

साडीकडे आपलं लक्ष जाईनासं झालं, की समजा, ती आपल्याला शोभली!

तुमच्या कपाटातली हमखास साडी कुठली? सांगा बरं!