पीतबिंदूची सूज : अहवालातील आकडा आणि रुग्णाची दृष्टी

मधुमेही रुग्ण हल्ली ओसीटीचा रंगीत अहवाल हाती घेऊनच चिकित्सालयात येतो आणि विचारतो, ‘वैद्यराज, सूज उतरली की पूर्वीसारखे दिसेल ना?’ केवळ जाडीचा आकडा पाहून या प्रश्नास होकार देऊ नये.

ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी ही पद्धत १९९१ साली प्रथम मांडली गेली. अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून ती दृष्टिपटलाचा उभा छेद दाखविते. सुई टोचावी लागत नाही. निरोगी पीतबिंदूच्या मध्याची जाडी, यंत्रपरत्वे थोडा फरक धरून, सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे २५० मायक्रॉन असते. सूज आल्यावर ती ४००-५०० पर्यंतही जाते. आकडा मोठा तितकी दृष्टी मंद, असे साहजिकच वाटते. पण हा संबंध बेताचाच आहे. अमेरिकेतील मधुमेहजन्य दृष्टिपटलविकारांच्या संशोधनगटाने २००७ मध्ये तो पडताळला, तेव्हा पटल जाड असूनही उत्तम वाचणारे आणि जाडी प्राकृत असूनही दृष्टी मंदावलेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळले.

जाडी हे साचलेल्या द्रवाचे माप आहे. पाहण्याचे कार्य पेशींचे. छेदचित्राच्या खालच्या भागात ‘इलिप्सॉइड झोन’ नावाची तेजस्वी रेघ असते. ती प्रकाशग्राही पेशींची स्थिती सांगते. मध्यभागी ती अखंड असल्यास द्रव ओसरल्यावर दृष्टी सुधारण्याची आशा अधिक, तुटलेली असल्यास कमी. (सूज फार असता वरच्या द्रवाची छाया पडून अखंड रेघही तुटल्यासारखी भासते, म्हणून सूज उतरल्यावर ती पुन्हा पाहावी.) आतील थरांच्या सीमा एकमेकींत मिसळून ओळखू येईनाशा होणे, हेही दृष्टी मंदावल्याचे व पुढे मंद राहण्याचे लक्षण होय, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

दोष कोणत्या पटलात पोहोचला यावरून लक्षणे सांगणारी सुश्रुतांची मांडणी आपणास परिचित आहेच. परंतु ती पटले म्हणजेच ओसीटीतील थर, असा ओढूनताणून मेळ घालू नये. त्याने ना शास्त्राचा मान वाढतो, ना रुग्णाचे हित होते.

औषधालय चालविणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. सरळ रेघा वाकड्या दिसतात म्हणून मधुमेही ग्राहक त्रिफळाघृत मागू लागला, तर त्यास प्रथम दृष्टिपटलतज्ज्ञाकडे धाडावे. दीर्घकाळ टिकलेल्या सुजेत पेशींची झालेली हानी पुढे भरून येईलच असे नाही. डोळ्यातील इंजेक्शनांचा क्रम चालू असेल तर तो आपल्या औषधासाठी खंडित करू नये, आणि तज्ज्ञाच्या संमतीवाचून त्या काळात नेत्रतर्पणही करू नये.